बुटकी, अठरा व्होल्ट आणि पटले काकांचा उजवा हात

शिडीवर माणूस घाबरतो तेव्हा गप्प असतो. खाली उतरून दोन घोट पाणी प्यायला, की त्याच भीतीचा किस्सा होतो! गोंदियाजवळ मुर्रीला आमचं वर्कशॉप आहे; तिथं असे किस्से इतके साठले आहेत, की चहाला कुणी नवीन माणूस आला तर सुरुवात कुठून करायची यावरूनच आमचं भांडण लागतं. आणि यातल्या बहुतेक किस्स्यांच्या मधोमध एक ड्रिल मशीन असते.

आधी माणसं सांगते. मी गोंदियाचीच. बारावीनंतर बंगलोरला गेले, तिथं इंजिनिअर झाले, तीन वर्षं नोकरी केली आणि २०१२ साली सगळं गुंडाळून परत आले. डोक्यात एकच गोष्ट होती. देवरीच्या पुढं, चिचगडच्या जंगलपट्ट्यात, पावसाळ्यात लाइन गेली की चार-चार दिवस येत नाही. तिथल्या घरांत, शाळांत, दवाखान्यांत सोलरचे दिवे लावायचे. अंधार ही सवय नाही, तो अन्याय आहे, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटले होते.

ते ऐकून न पळालेले तिघं उरले. टेकराम पटले म्हणजे आमचे काका, मुर्रीचेच, पंचावन्नच्या घरातले मिस्त्री. सुनीताताई रामटेके वायरिंग करतात, माकडासारख्या चढतात आणि चढताना तोंड बंद ठेवत नाहीत. इकबालभाई गोंदियाचे, जीप त्यांची आणि हिंदीही त्यांचीच.

आणि बुटकी. ही काकांची जुनी कॉर्डलेस ड्रिल. बिरशीला विमानतळाचं काम चाललं होतं तेव्हा काका तिथं छताला पट्ट्या ठोकत. काम संपल्यावर फोरमन ती त्यांना देऊन गेला. नऊ पॉइंट सहा व्होल्टची, हातभर सोडा, वीतभरही नाही. कंपनीचं नाव घासून गेलेलं, मूठ काळी पडलेली.

काकांचा डावा हात त्याच्याही आधी गेला होता. एका राइस मिलमध्ये ते वायरवाल्या मोठ्या ड्रिलनं बीमला होल पाडत होते. ड्रिलचं फिरणारं टोक, म्हणजे बिट, आतल्या सळईत अडकली. बिट थांबली, मशीन थांबली नाही. ती स्वतःभोवती फिरली आणि काकांचं मनगट सोबत घेऊन गेली. हाड वाकडं जुळलं, बोटं अर्धी मिटलेली राहिली ती कायमची. म्हणजे घरात कमावता माणूस एक, आणि त्या माणसात चालता हात एक! उजवा गेला तर काकांचं घर बसणार होतं. आणि त्यांना शिडीवर चढवणारी मी होते.

हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं.

* * *

पहिल्या दिवशी मी नागपूरहून आणलेला खोका टेबलावर ठेवला. अठरा व्होल्ट, लिथियमची बॅटरी, हॅमर मोड, पुढं लाइट. मी भाषण ठोकलं. आपण मागासलेल्या भागात काम करतो म्हणून आपली हत्यारं मागासलेली का असावीत, वगैरे.

सुनीताताई वायर सोलता सोलता म्हणाल्या, “म्याडम, भाषनानं भोक पडत असतं तं मशीन कायले आनली?”

मग शर्यत लावली. सागाची फळी, दोन मशिनी. नवीन मशीन मी दाबली आणि ती लोण्यात शिरावी तशी आरपार गेली. बुटकी गुणगुणत, धापा टाकत, मध्येच थांबत फळीतून बाहेर आली तोवर इकबालभाईंचा चहा संपला होता.

“बघा!” मी म्हटलं.

काकांनी बुटकी बाजूला ठेवली. त्यांनी फळीच्या मागं लोखंडी अँगल घट्ट बांधला आणि म्हणाले, “आता पाडा.”

मी पाडलं. बिट अँगलवर अडकली आणि मशीननं मला अर्धी गिरकी दिली. बाजूचा स्टूल आडवा झाला. मग काकांनी बुटकी लावली. बिट लोखंडाला भिडली, जोर वाढला की सुटणारा आतला क्लच “कट्‌कट्‌कट्‌” वाजला आणि ती जागेवर थांबली.

“नवीनवालीतबी क्लच आहे, काका!” मी चिडून म्हटलं. “ड्रिल मोडवर तो बंद असतो, एवढंच. चाकी फिरवायची.”

“व्हय. पन वर चढल्यावर ते याद राहिली पाहिजे ना!” काका बुटकी पुसत म्हणाले. “तुमची मशीन मानसाले फिरवते, बाई. माही मशीन मानसाले विचारते.”

हार मानायची नाही म्हणून मी भिंतीवर खडूनं तक्ता काढला. एका बाजूला बुटकी, एका बाजूला अठरा व्होल्ट. जोर, वेग, एका चार्जवर किती चालते. सगळ्या रकान्यांत नवीन मशीन पुढं! दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर खाली सुनीताताईंच्या अक्षरात आणखी एक रकाना होता: भेव, म्हणजे भीती. बुटकीपुढं लिहिलं होतं ‘थोडा’. नवीनपुढं, भरपूर या अर्थानं, ‘निरा!’

* * *

चिचगडच्या पुढं एका टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीत, कवेलूचं कौलारू घर होतं. दिवा छताखालच्या लाकडी बल्लीवर बसवायचा होता, पण बल्ली आणि कवेलू यांच्यात जेमतेम हात शिरेल एवढी फट. अठरा व्होल्टवालीची बॅटरीच त्यात मावेना. मी तिला उभी धरली, आडवी धरली, तिरपी धरली. घरमालक कौतुकानं म्हणाला, “मशीन चांगली हाय. घर लहान पडलं.”

शेवटी सुनीताताई बुटकी घेऊन चढल्या आणि कोपरापर्यंत हात त्या फटीत घातला. बुटकी गुरगुरायला लागली. सुनीताताईंची बडबडही चालू होती, आणि मध्येच ती बडबड थांबली. हे इतकं नवीन होतं, की आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

“काकाजी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मनगटावर काही थंड हाय. अन् ते सरकून राहिलं.”

घरमालक दोन पावलं मागं गेला. “परड असंल,” तो पुटपुटला. परड म्हणजे घोणस. डसली तर देवरीच्या दवाखान्यापर्यंत जीपनं दीड तास, तोही रस्ता ओला नसला तर. मी हा हिशेब मनात दोनदा केला.

“मशीन बंद करू का चालू ठेवू?” सुनीताताईंनी विचारलं.

मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता. काका शिडीजवळ गेले. “चालूच ठेव, पोरी. त्याले वाटू दे का आतमंदी अजून एक जनावर हाय.”

बुटकी गुरगुरत राहिली. पण ती सकाळपासून चालत होती. तिचा आवाज हळूहळू बसायला लागला. गुर्रर्र... गुर्र... गुर्. दुसरी बॅटरी जीपमध्ये, आणि बदलायची तर हात बाहेर काढायला हवा. अठरा व्होल्टवाली भरलेली बॅटरी माझ्या हातात होती. तिचा काही म्हणता काही उपयोग नव्हता.

वर एक कवेलू सरकल्याचा आवाज झाला. त्याच वेळी बुटकी बंद पडली. 

“गेलं का?” काकांनी विचारलं.

सुनीताताईंनी डोळे उघडले नाहीत. “दोनी गेले!”

* * *

थंडीत बुटकीच्या बॅटरीचा जीव जातो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत काका तिला खोक्यात ठेवत नाहीत. कमरेला खोचून वरून शाल घेतात, अंगाच्या उबेत. ही सवय आम्हाला कधी खटकली नव्हती.

एका सकाळी चिचगडच्या रस्त्यावर नक्षलविरोधी गस्तीवरच्या जवानांनी जीप थांबवली. धुकं होतं. आम्हाला खाली उतरवलं. एका अगदी कोवळ्या जवानानं बंदुकीच्या टोकानं काकांची शाल बाजूला केली, आणि त्याला कमरेला काळी मूठ दिसली.

“हाथ ऊपर!”

काकांनी दोन्ही हात वर केले. उजवा पंजा उघडा. डावा अर्धा मिटलेला.

“मुट्ठी खोल!”

“खुलत नाही साब!”

“मुट्ठी खोल बोला ना!”

“नहीं खुलती साब, सच में!” इकबालभाई ओरडले. “राइस मिल में गई!”

“क्या गई राइस मिल में?”

“मुट्ठी!”

त्या पोरसवदा जवानाचं बोट चापावर होतं. तो आमच्याइतकाच घाबरला होता, आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं. तेवढ्यात मागून सुनीताताई मदतीला धावल्या. “साब, ते काही नाही. भोकं पाडाची मशीन हाय!”

“ताई, अल्ला के वास्ते चुप!” इकबालभाई म्हणाले.

मागून त्यांचा साहेब आला. वयस्क, शांत. त्यानं बुटकी दोन बोटांनी काढली, उलटीपालटी केली आणि काकांना चालवून दाखवायला सांगितली. गुर्रर्र. सगळ्या बंदुका खाली झाल्या. साहेबानं जीपमध्ये डोकावलं, खोका उघडला.

“इतनी बड़ी नई मशीन है, फिर ये पुरानी क्यों?”

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता! काकांचा डावा हात अजून वरच होता. तो तसाच ठेवून त्यांनी सुरुवात केली. नवीनवालीचा जोर, तिचं वजन, सळई लागल्यावर ती काय करते, क्लच कुठं असतो, बुटकी फटीत कशी मावते, परड कसा निघाला. साहेब दोनदा “ठीक है” म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, “ठीक है बाबा, जाओ! जाओ!”

जीप वळणाच्या पुढं गेल्यावर इकबालभाईंनी पहिला श्वास घेतला. “काका, उन्होंने हमको नहीं छोड़ा. आपसे अपनी जान छुड़ाई!”

* * *

पुढचा किस्सा मी सांगत नाही, बाकीचे सांगतात. म्हणून मीच सांगून टाकते.

एका आश्रमशाळेच्या व्हरांड्यात काँक्रीटच्या खांबाला अँगल बसवायचा होता. बुटकी काँक्रीटपुढं काय करणार? ती त्याला पॉलिश करते. आणि मी अठरा व्होल्टवाली काकांच्या हातात दिली, की काका आधी तिच्याकडे बघत, मग स्वतःच्या उजव्या मनगटाकडे. मला ते बघवत नसे. भीती ही अज्ञानातून येते, असं मी तेव्हा म्हणत असे.

“काका, बाजूला व्हा. मी दाखवते.”

काँक्रीटला क्लच चालत नाही, म्हणून चाकी हॅमरवर लावली, पाय रोवले, दाबलं. पहिलं होल सुंदर पडलं. दुसऱ्या होलाला सळई होती. काय झालं ते मला कळलंच नाही. माझा हात माझ्याआधी वळला. मशीन खाली पडली आणि मी ती बघायला वाकले आहे असं दाखवून खालीच बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं. धूळ गेली, असं म्हटलं. 

दुपारी जेवायला बसलो. मी शक्य तितकी सहज भात कालवत होते.

“म्याडम,” सुनीताताई अर्ध्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तुमी डाव्या हातानं काऊन जेवून राहिल्या?”

काकांनी आपल्या गळ्यातला दुपट्टा काढला, पाण्यात भिजवला आणि माझं मनगट बांधलं. उजव्या हातानं आणि दातांनी. बांधताना एवढंच म्हणाले, “मशीन नवीन घेता येते जी. मनगट कोन्या दुकानात भेटते?”

त्या रात्री घरी मला झोप आली नाही. मनगटामुळं नाही. मी इतके महिने ज्या माणसाच्या हातात ती मशीन कोंबत होते, त्याच्याकडे एकच हात होता, म्हणून. दुसऱ्या दिवशी मी नियम केला. शिडीवर फक्त बुटकी. बुटकीनं होत नसेल तर ते काम आपलं नाही, परत यायचं. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर मी खडू पुन्हा गिरवला. पण नियम केला म्हणून भीती गेली नाही. उलट तिला आता वेळापत्रक मिळालं. काका पहिल्या पायरीवर चढले की ती सुरू, उतरले की बंद.

* * *

नियमाचा पहिला बळी इकबालभाई. आम्ही काँक्रीटची कामं सोडून परत यायला लागलो, हे त्यांना पटेना. एक दिवस ते गोंदियाच्या बाजारातून तिसरीच मशीन घेऊन आले. नाव कुणी ऐकलेलं नाही, रंग भडक केशरी.

“चौबीस वोल्ट, मॅडमजी! आपकी अठारह है. छह ज़्यादा!”

तिची बॅटरी जीपमध्येच चार्जिंगला लावून आम्ही देवरीकडं निघालो. रोवणीचे दिवस, दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पाण्यानं भरलेल्या. अर्ध्या वाटेत सुनीताताईंनी नाक वर केलं.

“कोन बिडी पिऊन राहिलं?”

कुणीच नाही. सीटच्या खालून धूर येत होता. मग फुस्स असा आवाज, मग बॅटरीला आलेलं पोट दिसलं. तिथून हातभर मागं डिझेलचा कॅन होता! इकबालभाईंनी ब्रेक मारला, काका वाकले आणि बॅटरीला हात घालायला गेले.

“उजव्यानं नोको!” सुनीताताई किंचाळल्या. अंगाला आग लागली असती तरी त्या तशा किंचाळल्या नसत्या.

काकांचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी डाव्या वाकड्या बोटांत वायर अडकवली, बॅटरी आकड्याला लटकवावी तशी उचलली आणि दारातून लांब फेकली. ती बाजूच्या बांधीत पडली. पाणी उकळल्यासारखं झालं, एक दणका बसला आणि चिखल वर उडाला.

चार बांध्या पलीकडून एक शेतकरी डोक्यावरचं मोरं सांभाळत पळत आला. पावसासाठी घेतात ते, बांबूचं.  त्यानं आमच्याकडे पाहिलं, गढूळ पाण्याकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

“मच्छी माराले बारूद लावता काय रे? अन् तेबी माह्या बांधीत?”

इकबालभाई अजून जीपच्या मागं लपले होते. तिथूनच म्हणाले, “मॅडमजी, बुटकी ज़िंदाबाद!”

* * *

आता शेवटचा.

श्रावण होता. चिचगडच्या पलीकडं एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि आभाळ इतकं भरलेलं, की आत दिवेलागणीसारखं वाटत होतं. लाइन चार दिवसांपासून गेलेली. बाळंतपणाच्या खोलीत दिवा लावायचा होता. तिथल्या सिस्टर दारातच उभ्या होत्या.

“बरं झालं आलात. एक बाई कळा देतेय. पलीकडच्या टोलीवरून बैलगाडीत निघालीय. पोचेल आता.”

पॅनल बाहेर पत्र्यावर बसला, बुटकीनं पाच मिनिटांत. आतली भिंत मात्र ओलीनं फुगलेली होती. स्क्रू धरायला प्लास्टिकची गिट्टी ठोकली की प्लास्टरसकट बाहेर येई. धरेल अशी जागा एकच होती, खोलीच्या मधून गेलेला काँक्रीटचा बीम. बुटकी त्याच्यावर गुणगुणली, पांढरा ठिपका पाडला आणि थकली.

“परत जाऊ,” मी म्हटलं. नियम माझाच होता.

“परत?” सिस्टर म्हणाल्या.

“दिवा टेबलावर ठेवून देतो. चालेल?”

“टेबलावरच्या दिव्यात माझीच सावली माझ्या हातावर पडते. मागच्या खेपेला मी चाचपत टाके घातलेत.” त्यांनी ते रागानं सांगितलं नाही. माहिती द्यावी तसं सांगितलं.

 जीपमध्ये अठरा व्होल्टवाली होती. ती तिथं आहे हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

“मी चढते,” सुनीताताई म्हणाल्या.

“तुले तं ते शिडीसकट फिरवंल,” काका म्हणाले. माझं मनगट त्या दिवसापासून पावसाळ्यात दुखतंच. इकबालभाई शिडीवर चढले की शिडीच खाली बसते. काका स्वतःच जीपपर्यंत गेले आणि मशीन घेऊन आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले.

“बाई, मले भेव लागून राहिलं.”

इतक्या वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले होते. मी म्हटलं, “उतरा काका. खरंच उतरा.”

“लागून राहिलं मनून सांगतलं,” ते म्हणाले. “उतरतो मनून नाही.”

मी एका बाजूनं शिडी धरली, इकबालभाईंनी दुसऱ्या. त्यांचे ओठ हलत होते. वर काकांनी डावा हात शिडीच्या दांड्यात अडकवला आणि उजव्यात मशीन घेतली. मी पाहिलं, ते ती घट्ट धरत नव्हते. तळव्यावर टेकवल्यासारखी धरली होती. चिमणी धरावी तशी. एक बोट तेवढं बटणावर.

मशीन सुरू झाली. काँक्रीटची धूळ माझ्या डोळ्यांत पडली. बिट आत जात होती, आवाज बरोबर होता. मी तोवर कुठल्याच देवाकडं काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. आणि मग आवाज बदलला. खट्ट! शिडी एकदम हलली. वरून काहीतरी माझ्या खांद्यावर आपटलं.

ती काकांची चप्पल होती.

वर पाहिलं. काका दोन पायऱ्या खाली सरकलेले, दांड्याला चिकटलेले. आणि मशीन त्यांच्या हातात नव्हती! ती बीममध्ये होती. बिट सळईत रुतून बसली होती आणि सगळी मशीन तिच्यावर लटकत होती. एकटीच, मूठ खाली करून.

काका एकेक पायरी उतरले. जमिनीवर बसले. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावून पाहिला, करंगळीपासून. मग पुन्हा एकदा, उलटीकडून.

“पाची हायेत,” ते म्हणाले.

सुनीताताई रडत होत्या आणि रडता रडता त्यांना शिव्या देत होत्या. मी शिडी सोडायचंच विसरले होते. आणि तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली.

त्या बाईला आत आणलं. मशीन काढायला वेळच नव्हता. बिट तिथंच ठेवून मशीन सोडवावी तर तिला धरणारा चक आवळून बसलेला, आणि काकांना मी पुन्हा वर जाऊ देणार नव्हते. सिस्टरनी वर पाहिलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, दिव्याची कडी काठीच्या टोकाला लावली आणि दिवा नेऊन मशीनच्या मुठीत अडकवला. मग दिव्याचं बटण दाबलं. बीमच्या बरोबर मधोमध, पलंगाच्या बरोबर वर, उजेड पडला.

“हेच तर पाहिजे होतं,” त्या म्हणाल्या. “आता व्हा बाहेर सगळे.”

आम्ही पडवीत बसलो. पाऊस सुरू झाला. काका सगळा वेळ उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय. तासाभरानं आत बाळ रडलं.

आठ दिवसांनी आम्ही साधी खुंटी बसवायला आणि मशीन सोडवायला गेलो. सिस्टर आडव्या आल्या. “हात लावायचा नाही. एवढी मजबूत खुंटी मला सरकार दहा वर्षांत देणार नाही. आणि आता मला अधिकारही नाही. बघा तुम्हीच.”

आत जाऊन पाहिलं. मशीनला हळद-कुंकू लावलेलं होतं. चकभोवती लाल दोरा गुंडाळलेला. खाली दोन अगरबत्त्यांची राख. आठवड्यात तीन बाळंतपणं झाली होती, तिन्ही सुखरूप, आणि गावानं आपला निकाल लावून टाकला होता.

दाराशी एक म्हातारी बाई बसली होती. तिची सून आत झोपलेली. तिनं आम्हाला वर बघताना पाहिलं आणि हळूच विचारलं, “हे कोन्ता देव होय जी?”

सुनीताताईंना असलं मुळीच चालत नाही. “देव-बिव काही नाही, मावशी. ड्रिल मशीन हाय ते. अठरा व्होल्टची.”

“अठरा?” म्हातारीनं डोक्यावर पदर ओढला. “मंग तं मोठाच असंल.”

मी हसणार होते. पण काकांनी चप्पल दाराबाहेर काढली. आत येऊन त्या मशीनकडे खालून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात सावकाश पाठीमागं नेला.

“लय जागृत हाय, माय,” ते म्हणाले. “दुरूनच पाया पडजो!”